आधी गल्ला बदलतो, मग डोकं

प्रश्न थोडक्यात असा आहे: विकसनशील देशात लहान उद्योग आणि स्वतःचे धंदे वाढले, तर पैसा, जोखीम, नशीब, सरकार यांबद्दलची लोकांची मतं खरोखर बदलतात का? बदलत असतील तर कशी? आणि एखाद्या प्रशिक्षण कार्यक्रमाने ती बदलली, हे ओळखायचं कशावरून?

लहान उद्योजकांना हिशेब ठेवणं, दर ठरवणं आणि कर्जाचे कागद शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो: बदलतात. फक्त क्रम आपण समजतो त्याच्या उलटा असतो आणि दिशा दर वेळी आपल्या सोयीची नसते.

आधी क्रमाचं बोलू. सुरुवातीची चार-पाच वर्षं मी यशोगाथा सांगायचो. शून्यातून वर आलेल्या माणसांच्या गोष्टी, मोठ्या आवाजात. टाळ्या पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी मंडळी आपापल्या जुन्या पद्धतीने कामाला लागायची. एकदा व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरची एक बाई शांतपणे म्हणाली, "त्या माणसाकडे तारण ठेवायला वडिलांची जमीन होती, हे तुम्ही सांगितलंच नाहीत." खरंच नव्हतं सांगितलं. मला तो तपशील किरकोळ वाटला होता, तिला सगळी गोष्टच त्या तपशिलात दिसली होती. त्या दिवसापासून यशोगाथा बंद केल्या.

त्या व्याख्यानांमागे एक जुनी समजूत होती. गरीब देशातल्या लोकांत कर्तृत्वाची ओढ कमी पडते, ती मनात रुजवली की उद्योग आपोआप उभे राहतील, अशी. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात ही कल्पना गंभीरपणे मांडली आणि आंध्रातल्या काकीनाडात व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन तपासूनही पाहिली. प्रशिक्षण घेतलेली मंडळी नंतर धंद्यात जास्त हातपाय हलवताना दिसली, त्यामुळे कल्पना अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. पण त्यातले बहुतेक आधीपासून धंद्यात असलेले, गाठीला थोडंफार असलेले लोक होते. हा भाग पुढच्या प्रचारकांनी सोयीस्करपणे गाळला. मीही त्यांतलाच.

मला जास्त पटणारा पुरावा अर्जेंटिनातला आहे. ब्युनोस आयर्सच्या कडेला 1981 मध्ये सुमारे 1,800 कुटुंबांनी एका मोकळ्या जमिनीवर वस्ती केली. पुढे सरकारने ती जमीन मूळ मालकांकडून घेऊन रहिवाशांना द्यायचं ठरवलं. काही मालकांनी भरपाई घेऊन सही केली, काही कोर्टात गेले. झालं काय, की एकाच वस्तीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांपैकी काहींच्या हातात मालकीचे कागद आले आणि काहींचे कोर्टात अडकले. यात त्या कुटुंबांच्या हुशारीचा किंवा मेहनतीचा काहीच संबंध नव्हता. बऱ्याच वर्षांनी संशोधकांनी दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारले. माणूस एकट्याच्या बळावर वर येऊ शकतो का? इतरांवर विश्वास टाकता येतो का? पैसा महत्त्वाचा आहे का? 2007 मध्ये छापून आलेल्या त्या निष्कर्षांत कागद मिळालेल्यांची उत्तरं स्वकष्ट, बाजार आणि विश्वास यांच्याकडे स्पष्ट झुकलेली होती. त्यांना कुणी व्याख्यान दिलं नव्हतं. उद्या कुणी हुसकावणार नाही, एवढी एक खात्री मिळाली होती.

म्हणून मी 'मानसिकता' हा शब्द जपून वापरतो. पेरलेलं कोण कापून नेईल याचा भरवसा नसेल तिथे "जे व्हायचं ते होईल" म्हणणारा माणूस परिस्थिती अचूक वाचत असतो. परिस्थिती बदलली की त्याचं वाचनही बदलतं, थोडं उशिराने. धंदा हा त्या बदलाचा एक मार्ग आहे, कारण त्यात हाताने केलेल्या गोष्टीचा परिणाम त्याच हाताला लवकर दिसतो.

तो दिसतो कसा, हे जवळून सांगतो. वर्गात पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारतो, "गेल्या महिन्यात धंद्यातून किती सुटले?" सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं उत्तर आकड्यात नसतं. "घर चाललं," एवढंच असतं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनीही तेच सांगितलं होतं. त्यांच्याकडे पत्र्याचा एकच डबा. गिऱ्हाइकाचे पैसे त्यात, दोऱ्याची रिळं घ्यायची त्यातून, मुलीची फी त्यातून, औषधही त्यातूनच. मी दोनच गोष्टी करायला सांगितल्या. धंद्याचा डबा वेगळा करायचा आणि दर आठवड्याला त्यातून स्वतःचा ठरावीक पगार काढून वहीत लिहायचा. तिसऱ्या आठवड्यात बाई चिडून आल्या. पगाराच्या दिवशी डब्यात पगाराएवढे पैसेच नव्हते, आणि काम तर रात्री उशिरापर्यंत केलेलं. मग आम्ही वही उघडून बसलो आणि कुठल्या कामाला किती वेळ गेला ते मांडलं. आठवड्यातला जवळजवळ निम्मा वेळ उसवणं, आखूड करणं, काजं करणं, चेन बदलणं यात जात होता आणि ही कामं त्या ओळखीपाळखीत फुकट किंवा नावापुरते पैसे घेऊन करत होत्या. त्यांनी दर लावला. दोघी-तिघी तुटल्या, बाकीच्या कुरकुरत राहिल्या. नंतर एकदा त्या जे बोलल्या ते मी लिहून ठेवलंय: "इतकी वर्षं मला वाटायचं मी कमी काम करते. मी पैसे कमी घेत होते."

दृष्टिकोन बदलतो म्हणजे माझ्या लेखी हे घडतं. गरिबीचं कारण त्यांच्या डोक्यात एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसलं. आधी ते अंगच्या दोषात होतं, आता दरपत्रकात आलं, आणि दरपत्रक बदलता येतं. आणखी एक फरक मला सहा महिन्यांनी जाणवला. पूर्वी त्यांचं 'पुढे' म्हणजे परवा असायचं. आता त्या हंगामाबद्दल बोलत होत्या. दुसरं मशीन कधी घ्यायचं, त्याआधी किती साठवायचं, घसारा, म्हणजे वापराने मशीनची किंमत दरवर्षी किती घटते. (घसारा हा शब्द मी शिकवला, पण "मशीनसुद्धा दर महिन्याला थोडं थोडं खातं" ही व्याख्या त्यांची. माझ्यापेक्षा चांगली आहे. मी आता तीच वापरतो.)

याला आकड्यांचाही आधार आहे. टोगोच्या लोमे शहरात 1,500 लहान व्यावसायिकांचे तीन गट केले होते. एका गटाला नेहमीचं हिशेब-विपणनाचं प्रशिक्षण, दुसऱ्याला पुढाकार घेण्याचं प्रशिक्षण, तिसऱ्याला काहीच नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुढाकाराच्या गटाचा नफा सुमारे 30 टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाचा परिणाम 11 टक्क्यांच्या आसपास होता आणि तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येण्याजोगा नव्हता. लोक हे वाचून म्हणतात, बघा, शेवटी मनच महत्त्वाचं. थोडं सबुरीने घ्या. हे सगळे आधीच धंदा करत होते आणि त्या प्रशिक्षणात प्रत्येक गोष्ट स्वतःच्या धंद्यावर लगेच करून बघायची होती. मन बदललं ते हात चालवत असताना.

आता अवघड भाग. नातेवाईक. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला फार कमी जागा असते आणि माझ्या वर्गात निम्मा वेळ यावरच जातो. धंद्यात दोन पैसे दिसू लागले की हात पसरणारे वाढतात आणि नाही म्हणणं म्हणजे नातं तोडणं. ही व्यवस्था वाईट आहे असं मी म्हणणार नाही. विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, तिथे संकटात हीच माणसं धावून येतात. पण त्याची किंमत असते. कॅमेरूनमधल्या पतसंस्थांचा अभ्यास करताना संशोधकांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली: स्वतःच्या खात्यात पुरेशी बचत असताना काही सभासद व्याज भरून कर्ज घेत होते. का, तर कर्ज अंगावर असलं की "माझीच ओढाताण आहे" असं नातेवाइकांना सांगता येतं. केनियाच्या ग्रामीण भागातल्या एका प्रयोगात, नातेवाईक समोर बसलेले असताना काही बायकांनी आपली कमाई उघड होऊ नये म्हणून कमी पैशांवर समाधान मानलं. 2007 मध्ये केनियात एम-पेसा ही फोनवरून पैसे ठेवायची-पाठवायची सेवा सुरू झाल्यावर फोनमधला पैसा इतका पसरला त्याची कारणं बरीच, पण तो उशीखाली ठेवलेल्या नोटेसारखा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, हेही त्यातलं एक असावं असं मला वाटतं.

म्हणजे उद्योजकतेने बदलणारी पहिली सामाजिक गोष्ट बहुधा 'नाही' म्हणण्याची पद्धत असते. शिवणकामवाल्या बाईंनी ती पगाराच्या आडून शोधली. डब्यातले पैसे धंद्याचे, त्याला हात लावता येत नाही, माझ्या पगारातून देते. भावाला ते पटलं. निदान त्याला पुढे काही बोलता आलं नाही.

बायकांच्या बाबतीत एकटीला शिकवून भागत नाही, हेही मी उशिरा शिकलो. अहमदाबादेत सेवा बँकेच्या, म्हणजे स्वतःचं काम करणाऱ्या महिलांच्या सहकारी बँकेच्या, ग्राहक महिलांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. काहींना एकटीला बोलावलं, काहींना मैत्रिणीला घेऊन या म्हटलं. मैत्रिणीसोबत आलेल्यांनी पुढे धंद्यासाठी जास्त कर्जं काढली आणि ज्यांच्या घरी-समाजात बंधनं कडक होती त्यांच्यात फरक जास्त दिसला. तेव्हापासून माझ्या वर्गात एका नावावर दोन खुर्च्या असतात.

उद्योजकता एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याचं माझं आवडतं उदाहरण बांगलादेशचं आहे. 1979 मध्ये तिथल्या देश गारमेंट्स या नव्या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून आपली 130 माणसं कोरियात शिकायला पाठवली. ती परत आली, कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्यातली 115 जणं कंपनी सोडून गेली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. कंपनीच्या दृष्टीने तोटाच, देशाच्या दृष्टीने तयार कपड्यांचा सगळा निर्यात उद्योग. या गोष्टीत मला भावतं ते असं की त्यांतल्या कुणीच परक्या अब्जाधीशाची गोष्ट ऐकून उडी घेतली नाही. शेजारच्या टेबलावर बसणारा, आपल्याइतकाच शिकलेला सहकारी गेला आणि त्याचं जमलं, हे त्यांनी पाहिलं. माणूस आपल्यासारख्याकडे बघून हिशेब करतो. मागच्या बाकावरच्या त्या बाईंचा मुद्दा हाच होता.

पण शेजाऱ्याचं यश नेहमीच उभारी देतं असं नाही. आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1973 मध्ये याला बोगद्याचं उदाहरण दिलं. बोगद्यात दोन रांगांत गाड्या अडकल्या आहेत. शेजारची रांग हलली की आधी बरं वाटतं, आता आपलीही हलेल. बराच वेळ तीच रांग हलत राहिली आणि आपण जागेवरच, तर तोच माणूस संतापतो आणि मधली रेघ ओलांडायला निघतो. विकसनशील देशांत उद्योजकांबद्दलचं मत असं एकदम फिरताना मी पाहिलंय. कौतुकाचं रूपांतर "हा काहीतरी लबाडी करून वर गेला" यात व्हायला वर्ष-दोन वर्षंही पुरतात. आणि खरं सांगायचं तर कधीकधी तो लबाडीनेच वर गेलेला असतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमल यांनी 1990 मध्ये मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो: उद्योजक वृत्तीची माणसं सगळ्या समाजांत असतात, ती वृत्ती उत्पादनाकडे वळते की सवलती, परवाने आणि वशिला उपटण्याकडे, हे खेळाचे नियम ठरवतात. जिथे परवाना मिळवणं हाच मोठा धंदा, तिथे उद्योजकता वाढली की बघणारे नेमका तोच धडा घेतात.

यातून सरकारबद्दलच्या दृष्टिकोनाकडे येतो. जगात काम करणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे 200 कोटी लोक अनौपचारिक क्षेत्रात आहेत, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2018 चा अंदाज आहे. त्यांच्यातल्या धंदेवाल्याचं सरकारबद्दलचं धोरण एका शब्दात सांगता येतं: टाळा. त्यात त्यांचा दोष किती? 1983 मध्ये पेरूचे अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांच्या गटाने राजधानी लिमा इथे शिवणकामाचा एक छोटा कारखाना सगळे नियम पाळून नोंदवून बघितला. 289 दिवस लागले.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीत, लोखंडी दारं-खिडक्या बनवतो तो, खर्चाच्या रकान्यांत पत्रा, वीज, वेल्डिंग रॉड, मजुरी यांच्या शेवटी एक रकाना होता: 'साहेब'. दर महिन्याला ठरलेली रक्कम. हसत नव्हता, लपवतही नव्हता. त्याच्यासाठी ते विजेच्या बिलासारखंच होतं. पुढे त्याला एका मोठ्या बांधकामाचं काम मिळत होतं, पण तिथे पक्कं बिल लागणार होतं. म्हणून त्याने नोंदणी केली. नोंदणीनंतरच्या पहिल्याच महिन्यात साहेब आले तेव्हा त्याने पावती मागितली. पावती मिळाली नाही आणि त्याने पैसे दिले नाहीत. त्यावर त्याला दोन महिने बराच त्रास झाला, तो इथे सांगत बसत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की टाळाटाळ करणारा माणूस मागणी करणारा झाला. कर भरायला लागल्यावर तो रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल तावातावाने बोलायला लागला. आधी कधी बोलला नव्हता.

सरकारचं मतही असंच व्यवहारातून बदलत जातं. चीनमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला नियम असा होता की खासगी धंद्यात सातपर्यंत माणसं कामाला ठेवली तर चालतील. आठवा आला की ते शोषण. यावर मोठमोठे वाद झाले. दरम्यान वूहू शहरात भाजलेल्या बिया विकणारा न्येन क्वांगच्यू शंभरावर माणसं कामाला ठेवून बसला होता. त्याचं काय करायचं, हा प्रश्न थेट देशाचे सर्वोच्च नेते तंग श्याओफिंग (डेंग शियाओपिंग) यांच्यापर्यंत गेला आणि तूर्त राहू द्या, बघू, असा निर्णय झाला. 1988 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन खासगी उद्योगाला जागा मिळाली. 2002 मध्ये कम्युनिस्ट पक्षाची दारंही उद्योजकांना उघडली. तत्त्व आधी ठरलं आणि मग धंदे आले असं घडलं नाही. धंदे आले, मोडवेनात, आणि तत्त्वाला मागून वाट काढावी लागली.

आता थोडं पाणी ओततो, कारण या विषयात उत्साह फार आहे.

नाइलाजाने धंदा करणारा आणि संधी दिसली म्हणून करणारा, यांची मतं एकाच दिशेने जात नाहीत. इथियोपियात पाच कंपन्यांकडे आलेल्या जवळपास 1,000 अर्जदारांत चिठ्ठ्या टाकल्या. काहींना कारखान्यात नोकरी, काहींना 300 डॉलर आणि धंद्याचं थोडं प्रशिक्षण, बाकीच्यांना काही नाही. नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी वर्षाच्या आत ती सोडली. पैसे मिळालेल्यांची कमाई वर्षभरानंतर सुमारे एक तृतीयांशाने जास्त होती. पाच वर्षांनी पाहिलं तर गटांमधला फरक विरून गेला होता. हैदराबादेत 104 वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत सूक्ष्मकर्ज आधी पोचवून तुलना केली, तेव्हा आधीपासून धंदा असलेल्या काहींना फायदा झाला, पण घरखर्च, शिक्षण किंवा बायकांचा निर्णयातला वाटा यांत फारसा फरक पडला नाही. श्रीलंकेत लहान धंद्यांना चिठ्ठीने 10,000 किंवा 20,000 रुपये दिले. पुरुषांच्या धंद्यात त्याचा परतावा भरपूर, बायकांच्या धंद्यात सरासरीने शून्य. पुढच्या विश्लेषणात दिसलं की घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बाईला दिलेलं भांडवल बरेचदा तिकडेच वळतं. कर्जाच्या कागदावर नाव तिचं असल्याने घरातला निर्णय तिचा होत नाही. मी स्वतः अशा कितीतरी अर्जांवर 'महिला उद्योजक' असं लिहून सही केली आहे.

आणि वर पोचलेला उद्योजक खुल्या स्पर्धेच्या बाजूने राहतो, ही तर निव्वळ भाबडी समजूत. माझे जुने विद्यार्थी दुकानाचं रूप आलं की फेरीवाल्यांना हटवण्याच्या अर्जावर पहिली सही करतात. दहा वर्षांपूर्वी ते स्वतः हातगाडीवर होते.

शेवटी मोजायचं कसं. "तुम्हाला जोखीम घ्यायला आवडते का? एक ते पाच गुण द्या" असले प्रश्न मी सोडून दिले. प्रशिक्षण संपल्यावर सगळे पाच गुण देतात, ते प्रशिक्षकाला दिलेले असतात. त्याऐवजी सहा महिन्यांनी जाऊन घडलेल्या गोष्टी विचारा. शेवटची उधारी कुणाला दिली आणि कुणाला नाकारली? नाकारताना काय सांगितलं? गेल्या वेळी माल वाया गेला तेव्हा पुढच्या खेपेला काय बदललं? कुणाला काम शिकवलं, आणि तो माणूस सोडून गेला तर काय वाटलं? धंद्याचे आणि घरचे पैसे अजून वेगळे आहेत का, डबा दाखवा. डबा बघायलाच हवा. तोंडी उत्तरात सगळ्यांचे डबे वेगळे असतात.

एक प्रश्न मात्र मी मतांचाच ठेवला आहे: मुलाने पुढे काय करावं? लोखंडी कामवाल्याला मी तो दोनदा विचारला. पहिल्या वेळी तो म्हणाला, सरकारी नोकरी, दुसरं काही नाही. सात वर्षांनी विचारलं तेव्हा त्याच्याकडे नऊ कारागीर होते, गाळा स्वतःचा होता. त्याने पुन्हा सांगितलं, सरकारी नोकरी. मग जरा थांबून म्हणाला, "आणि गाळा भाड्याने द्यायचा नाही. मुलीला हिशेब जमतो."